मुक्याची साखर

सोलापूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी होऊन गेलेल्या संत गोरोबाकाकांच्या एका अभंगात मुक्याला साखर चाखायला दिल्याची प्रतिमा आहे. गोडी कळली, पण सांगायला वाणी नाही. ब्रह्मानुभव शब्दांत मावत नाही, हे सांगण्यासाठी योजलेली ही प्रतिमा. नारदाच्या भक्तिसूत्रांतही ती आढळते, आणि अनिर्वचनीयतेचा विषय निघाला की वर्गात तिचा उल्लेख हटकून होतो. प्रतिमा म्हणून तिच्या सामर्थ्याविषयी आम्हांला शंका नाही. मात्र साहित्याच्या अभ्यासकांनी एक गोष्ट कधी विचारात घेतलेली दिसत नाही. ज्याच्या जिभेवर साखर ठेवली तो मुका माणूस या सगळ्या परंपरेत केवळ उपमान राहिला. त्याला खरोखर काय वाटले आणि ते सांगता यावे म्हणून त्याला कोणी काही शिकवले का, हा प्रश्न उपमेच्या चौकटीबाहेरचा ठरला.

प्रस्तुत लेख त्या बाहेर राहिलेल्या प्रश्नाविषयी आहे. ऐकू न येणारी, दृष्टी नसलेली, बौद्धिक अक्षमता असलेली, स्वमग्न मुले आपल्याकडे शाळेत येऊ लागली त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. या काळात त्यांना वस्तूंची नावे, हिशेब, शिवण, विणकाम, वेताचे काम असे बरेच काही शिकवले गेले. ‘मला काय होते आहे’ हे सांगायला मात्र फार उशिरा शिकवले गेले, आणि जेव्हा शिकवले गेले तेव्हा बहुधा परक्या वाक्यरचनेत. याची कारणे शिक्षणशास्त्राइतकीच भाषेत आहेत असे आम्हांला वाटते, आणि म्हणूनच हा विषय आम्ही भाषा-साहित्याच्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

मुंबईत माझगाव येथे १८८५ च्या सुमारास कॅथलिक बिशप लिओ मेरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिर मुलांची संस्था सुरू झाली. या देशातील अशा शिक्षणाचा आरंभ सामान्यतः तेथूनच मानला जातो. काळ लक्षात घेण्यासारखा आहे. त्याआधी पाचच वर्षे, १८८० मध्ये, इटलीतील मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली होती आणि खुणांची भाषा वर्गातून हद्दपार करून केवळ मौखिक पद्धतीने शिकवावे, असा ठराव तिने केला होता. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्या ठरावाची सावली जगभरच्या शाळांवर पडली, तशी मुंबईवरही पडली. मूल आरशासमोर बसे, शिक्षकाच्या गळ्यावर हात ठेवून कंप अनुभवी, ओठांची हालचाल पाही आणि तसा आवाज काढण्याचा प्रयत्न करी. एकेका वर्णासाठी आठवडे जात. या पद्धतीने काही मुले बोलू लागली आणि त्यांच्या शिक्षकांच्या चिकाटीला तोड नाही, हेही मान्य केले पाहिजे.

पण ओठांवर वाचता येते ते किती? ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ हे तीन शब्द आरशासमोर आवाज न करता उच्चारून पाहावेत. तिन्ही एकच दिसतील. क आणि ग हे वर्ण तर घशातले, ते दिसतच नाहीत, तेव्हा ‘राग’ या शब्दाचा उत्तरार्ध मुलाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. याहून बोलके उदाहरण ‘भीती’ आणि ‘मिठी’ यांचे. भ आणि म ओठांवर सारखे; त आणि ठ यांतला जिभेचा फरक बाहेरून जेमतेम जाणवणारा. ज्या मुलाला फक्त ओठ वाचायचे आहेत त्याला भीती आणि मिठी या शब्दांत निवड करायची तर समोरच्याच्या चेहऱ्याचा आधार घ्यावा लागणार. म्हणजे शब्दाने चेहऱ्याचा अर्थ सांगण्याऐवजी चेहऱ्यानेच शब्दाचा अर्थ सांगायचा.

नामे त्यातल्या त्यात सोपी. चेंडू दाखवता येतो, घोडा चित्रात असतो. क्रियापदेही करून दाखवता येतात: पळणे, खाणे, फेकणे. अडचण येते ती ‘वाटणे’ या क्रियापदापाशी. मराठीत भावनेचा अर्धा संसार या एका क्रियापदावर चालतो: बरे वाटणे, वाईट वाटणे, भीती वाटणे, लाज वाटणे, एकटे वाटणे. पाहून शिकणाऱ्या मुलाला मात्र ‘वाटणे’ पहिल्यांदा भेटते ते पाट्या-वरवंट्याशी, मसाला वाटताना. किंवा खाऊ वाटताना. या दोन्ही क्रिया दिसतात. तिसरे ‘वाटणे’ कुठेच दिसत नाही. पुन्हा ‘वाईट वाटणे’ यातला ‘वाईट’ शब्द मुलाने आधी कुठे ऐकलेला अथवा पाहिलेला असतो? ‘वाईट मुलगा’, ‘वाईट सवय’ यांत. दुःख सांगण्यासाठी आपण ज्याला हा शब्द देतो त्याला तो अनेकदा दटावणीतून आधीच परिचित असतो. व्यवहारात आपल्याला ही गुंतागुंत जाणवत नाही, कारण आपण भाषा ऐकत ऐकत, चुकत चुकत, हजारो प्रसंगांतून उचललेली असते. विशेष शाळेतल्या मुलाला तीच भाषा एकेक वाक्य करून घ्यावी लागते, आणि मग तिच्यातली प्रत्येक गाठ त्याच्या हाताला लागते.

मिलानचा ठराव चुकीचा होता, असे बधिरांच्या शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने व्हँकुव्हर येथे २०१० मध्ये, म्हणजे १३० वर्षांनी, जाहीरपणे मान्य करून खेद व्यक्त केला. या १३० वर्षांत कित्येक मुलांचे हात वर्गात स्वस्थ ठेववले गेले. घरी आईशी, भावंडांशी केलेल्या खुणा हीच त्यांची खरी बोली होती, आणि रुसवा, भीती, हट्ट, लाड हे सगळे त्याच बोलीत होते.

त्याच काळातला दुसरा धागा अंध मुलांच्या शिक्षणाचा, आणि तो सोलापूरला स्पर्श करून जातो. १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झालेली पुष्कळ मुले अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाला आली. याच मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. पुढे ती दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. सोलापूर हे मिशनचे जुने ठाणे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे मिस मेरी हार्डिंग यांच्या देखरेखीखाली बालवाडी आणि बालवाडी-शिक्षिकांचा वर्ग चाले. फ्रोबेलच्या पद्धतीत बोटांचे खेळ, हावभावांची गाणी, फेर धरणे यांना मोठे स्थान होते. धर्मप्रसाराचा हेतू बाजूला ठेवून पाहिले तर, शरीराच्या हालचालीतून मनातले बाहेर काढण्याची एक रीत या शहरात शंभर वर्षांपूर्वी आली होती असे म्हणता येईल. ती धडधाकट मुलांसाठी आली. ज्यांना तिची सर्वांत अधिक गरज होती त्यांच्या शाळांत तेव्हा ब्रेलची टोचणी आणि वेताच्या खुर्च्या होत्या.

दादरच्या शाळेत १९३९ मध्ये पाच वर्षांचाही न झालेला एक मुलगा लाहोरहून आला. मेंदूज्वराने त्याची दृष्टी गेली होती. वडील डॉक्टर होते, मुलाने शिकावे म्हणून त्यांनी त्याला इतक्या दूर धाडले. हे पुढे इंग्रजीतले नामवंत लेखक झालेले वेद मेहता. शाळेतल्या दिवसांवर त्यांनी लिहिलेले ‘वेदी’ हे पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. घरची भाषा पंजाबी आणि भोवतीच्या मुलांची मराठी, अशा अवस्थेत हे पोर वसतिगृहात राहिले. आईच्या आवाजात ज्या भावनांची नावे त्याने ऐकली होती ती येथे कोणाला कळण्यासारखी नव्हती, आणि येथली त्याला ठाऊक नव्हती. पुस्तक वाचताना आमचे लक्ष सतत एका गोष्टीकडे जाते: एका भाषेत जन्मलेले आणि दुसऱ्या भाषेत सोसलेले बालपण त्यांनी चाळीस वर्षांनी तिसऱ्या भाषेत सांगितले. वेद मेहतांना ती तिसरी भाषा मिळाली आणि तिच्यावर त्यांनी असामान्य प्रभुत्व मिळवले, म्हणून त्या बालपणाची नोंद राहिली. त्यांच्या वर्गातल्या इतरांची राहिली ती दुसऱ्याच्या पुस्तकातली पात्रे म्हणून.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी संस्था निघायला आणखी वेळ लागला. मानखुर्दचे बालगृह १९४१ चे, मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची, पुण्यात सिंधुताई जोगळेकरांची ‘कामायनी’ १९६४ ची. या शाळांचे काम मोठे आहे, पण त्यांच्यावर त्या काळाच्या अपेक्षांचेही ओझे होते. मुलाने स्वतः जेवावे, गुंडी लावावी, नाणी ओळखावीत, पुढे कार्यशाळेत चार पैसे मिळवावेत. पालकांना तेच हवे होते आणि ते हवे असण्यात काही गैर नव्हते. मुलाचे रडणे, चावणे, डोके आपटणे हे सर्व ‘वर्तनसमस्या’ या खात्यात जमा होई आणि समस्या म्हटली की ती कमी करायची असते. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट प्रयोगाने दाखवली: मुलाचे चावणे हे बहुधा एक वाक्य असते. ‘हे काम मला जमत नाही’ किंवा ‘माझ्याकडे बघा’ असे काहीतरी त्याला म्हणायचे असते. ते म्हणण्याचा दुसरा मार्ग, एखादा शब्द, एखादी खूण, एखादे चित्र त्याला दिले की चावणे कमी होते. टीकाकाराने दुर्बोध कवितेकडे जसे पाहावे तसे मुलाच्या वागण्याकडे पाहायचे: येथे अर्थ आहे असे आधी गृहीत धरायचे.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे पहिले प्रसिद्ध वर्णन केले तेव्हा त्या मुलांच्या सर्वनामांची उलटापालट नोंदवली होती. मूल स्वतःला ‘तू’ म्हणते, कारण ऐकलेले वाक्य ते जसेच्या तसे परत करते. मराठी घरात याचे रूप असे होते: आईने रोज विचारलेले ‘तुला भूक लागली?’ हेच मुलाचे ‘मला जेवायला दे’ असते. ‘तुला राग आला?’ असे मूल आपणहून म्हणते तेव्हा ते आपल्याला विचारत नसून स्वतःविषयी सांगत असते. ज्याला हे ठाऊक नाही तो ‘नाही, मला नाही आला’ असे उत्तर देऊन मोकळा होतो, आणि भावनेचे नाव घेण्याचा मुलाचा प्रयत्न तेथेच संपतो.

आता त्या तक्त्याकडे वळू, जो आज बहुतेक विशेष वर्गांच्या भिंतीवर दिसतो: गोल पिवळे चेहरे, खाली आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. या षट्काच्या मागे पॉल एकमन यांचे संशोधन आहे. न्यू गिनीतील फोरे लोकांना छायाचित्रे दाखवून केलेला त्यांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि काही भावमुद्रा मानवजातीत सर्वत्र सारख्या आहेत हे मत रूढ झाले. ‘अभिनव काव्यप्रकाश’ किंवा ‘भारतीय साहित्यशास्त्र’ अभ्यासलेल्या वाचकांच्या लगेच लक्षात येईल की हास, शोक, क्रोध, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे भरताचे सहा स्थायिभाव जवळजवळ हेच आहेत. एकमनांच्या यादीत नाहीत ते दोन, रती आणि उत्साह. हा योगायोग म्हणावा की काय, या वादात आम्ही पडत नाही. भरताने मात्र आपल्या यादीला एकटे सोडले नव्हते. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्यावाचून स्थायिभावाचे काही चालत नाही. काय घडले, शरीरावर काय दिसले, मध्ये मनात काय काय येऊन गेले, हे सगळे सांगावे लागते. आठ सात्त्विक भावांची यादी तर पुन्हा वाचून पाहावी: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. परीक्षेसाठी पाठ करून विसरलेली ही यादी म्हणजे भावनेच्या शारीरिक खुणांची नोंदवही आहे. तळहाताला घाम येतो का, अंग थरथरते का, आवाज फुटत नाही का, हेच प्रश्न आज विशेष शिक्षिका मुलाला विचारते, कारण ‘तुला भीती वाटते का’ यापेक्षा ‘तुझा हात ओला झाला का’ हे त्याला तपासता येते.

येथे उत्साहाच्या भरात फार पुढे जाऊ नये. भरताचे शास्त्र नटासाठी आणि प्रेक्षकासाठी आहे. वर्गात ओरडणाऱ्या मुलाचा क्रोध म्हणजे रौद्र रस नव्हे, आणि त्याच्या आईला त्याचा आस्वाद घेता येत नाही. आमचे म्हणणे एवढेच की भिंतीवरच्या तक्त्याने प्रसंग आणि शरीर दोन्ही गाळून नुसता चेहरा ठेवला, आणि चेहरा हीच स्वमग्न मुलाला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट आहे. आता तर लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मोठा आढावा घेऊन दाखवले आहे की नुसत्या चेहऱ्यावरून भावना ओळखण्याचा भरवसा ऐकू-पाहू शकणाऱ्या प्रौढांनीही धरू नये.

तक्त्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, आणि ती आम्हांला अधिक खटकते. तक्त्याखाली वाक्य असते: ‘मी आनंदी आहे’, ‘मी दुःखी आहे’. हे मराठी चुकीचे नाही, पण घरात असे कोण बोलते? आपण म्हणतो मला आनंद झाला, मला वाईट वाटले, मला राग आला, मला रडू आले, हसू फुटले. येथे अनुभव घेणारा कर्त्याच्या जागी नसतो. त्याला ‘ला’ प्रत्यय लागतो आणि कर्त्याच्या जागी भावना येऊन बसते. राग येतो, तसा तो जातोही. मूल आणि त्याचा राग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठीचे व्याकरणच सांगते. ‘मी रागीट आहे’ हा स्वभाव झाला, ‘मला राग आला’ ही घटना झाली. ज्या मुलाला दिवसभर ‘तू असा आहेस, तू तसा आहेस’ हेच ऐकावे लागते त्याच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नाही. कोणी म्हणेल, ‘मी चिडलो’, ‘मी घाबरलो’ हीदेखील मराठीच आहेत. आहेतच, आणि ती वापरावीत. पण तीही घडलेल्या गोष्टीची वाक्ये आहेत, ‘आहे’ने चिकटवलेल्या विशेषणाची नव्हेत.

ही रचना एकट्या मराठीची नाही, आणि येथे सोलापूरचे महत्त्व येते. सोलापूर हे बहुभाषिक शहर. हातमाग आणि यंत्रमागाच्या धंद्याने आलेला पद्मशाली समाज घरी तेलुगू बोलतो. अक्कलकोटच्या बाजूने कन्नड शहरात शिरते. मोहल्ल्यांतून दख्खनी ऐकू येते. शाळा आणि कचेरी मराठीत. या शहरातल्या विशेष शाळेच्या एकाच बाकावर तीन मुले तीन घरभाषांची असू शकतात. ऐकणाऱ्या-बोलणाऱ्या मुलाला हा वारसा असतो. तो सहज चार भाषांत भांडतो. ज्याला एक भाषाही कष्टाने मिळणार आहे त्याला घरी एका भाषेत दटावले आणि शाळेत दुसऱ्या भाषेत ‘काय वाटते सांग’ म्हटले, तर तो गप्प राहतो, आणि ते गप्प राहणे अक्षमतेच्या खात्यावर मांडले जाते.

तरीही या चार भाषांनी एक सोय करून ठेवली आहे. मराठीत ‘मला राग आला’; तेलुगूत ‘नाकु कोपं वच्चिंदि’; कन्नडात ‘ननग सिट्टु बंतु’; दख्खनीत ‘मेरेकू गुस्सा आया’. शब्द वेगळे, घडण तंतोतंत एक: मला, राग, आला. भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, ही कल्पना एमेनो यांनी १९५६ मध्ये मांडली. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषा शेकडो वर्षांच्या शेजाराने इतक्या जवळ आल्या आहेत की शब्दाला शब्द ठेवून एकीतून दुसरीत जाता येते, हे गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. सोलापूर त्याच पट्ट्यात आहे. भावनेच्या वाक्याबाबत तर येथे घर आणि शाळा यांत फक्त शब्दाचे अंतर आहे, रचनेचे नाही. शिक्षिकेने आईकडून एक शब्द, ‘कोपं’ किंवा ‘सिट्टु’, मागून घेतला तर बाकीचे वाक्य मुलाच्या घरचेच असते. ‘मी रागावलेला आहे’ असा तक्ता लावला की मात्र हे अंतर दुप्पट होते, कारण तशी रचना यांतल्या कोणत्याच घरात रोज बोलली जात नाही. चार भाषांचे शहर ही आम्हांला अडचण वाटत आली. या एका बाबतीत तरी ते आयते साहाय्य आहे.

नाव केव्हा द्यायचे, हाही प्रश्न आहे. हेलन केलरच्या आत्मकथेतला (१९०३) एक प्रसंग अध्यापकांना आठवत असेल. मणी ओवताना चूक होते, ती थांबून विचारात पडते, आणि त्याच क्षणी ॲन सलिव्हन तिच्या कपाळाला बोट लावून हातावर ‘विचार कर’ हा शब्द लिहिते. डोक्यात जे चालले आहे त्याचेच हे नाव, असे हेलनला लख्ख कळते. पंपाच्या पाण्याचा प्रसंग जास्त गाजला. आम्हांला हा अधिक मोलाचा वाटतो, कारण येथे न दिसणाऱ्या गोष्टीला ती घडत असताना नाव मिळाले. तक्ता सकाळी दहा वाजता शांत मुलाला राग दाखवतो. राग दुपारी एकला येतो, तेव्हा तक्ता भिंतीवर असतो आणि मूल कोपऱ्यात.

नावांनी खरोखर काही बदलते का, की आधीच असलेल्या जाणिवेला ती केवळ चिठ्ठी लावतात? या जुन्या वादावर निकारागुआतून अनपेक्षित प्रकाश पडला. तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने शाळेत एकत्र आली आणि त्यांच्यात एक नवी खुणांची भाषा जन्मली. पहिल्या पिढीच्या भाषेत ‘वाटणे’, ‘समजणे’, ‘माहीत असणे’ यांसाठी खुणा फार तोकड्या होत्या. धाकट्या पिढीने त्या घडवल्या. जेनी पायर्स आणि ॲन सेंगस यांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते हे ओळखण्यात थोरले, प्रौढ वयातही, मागे होते. आणि धाकट्यांच्या सहवासात या खुणा आत्मसात केल्यावर तेही ते ओळखू लागले. ऑस्ट्रेलियात पीटरसन आणि सीगल यांनी १९९५ मध्ये अशाच कसोटीत कर्णबधिर मुले मागे पडतात हे दाखवले होते. पुढच्या अभ्यासांत दिसले की ज्यांचे आईवडीलही खुणांनी बोलतात ती मागे पडत नाहीत. उणीव कानात नव्हती. मनाविषयीचे बोलणे त्या मुलांच्या वाट्याला आले नव्हते. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय केंद्र २०१५ मध्ये स्थापन झाले, त्याचा पहिला कोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा निघाला आणि २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. उशीर झाला, पण काम चालू आहे.

दरम्यान या मुलांना आपण दिलेली नावे बदलत राहिली. वेडा, मंद, मतिमंद, अपंग, विशेष, दिव्यांग. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. या बदलांची टिंगल करण्याची एक टूम आहे, ती आम्हांला पसंत नाही. अपमानकारक शब्द गेले ते बरेच झाले. परंतु शंभर वर्षांत त्यांच्यासाठी नावे शोधण्यात जेवढी शाई खर्च झाली त्याच्या दशांशही त्यांना त्यांची स्वतःची नावे देण्यात झाली नाही.

याची किंमत काय पडते, हे २०११ मध्ये महाराष्ट्राला कळले. पनवेलजवळच्या एका निवासी संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि मूकबधिर मुलींवर झालेले अत्याचार तेव्हा उघडकीस आले; २०१३ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. जिला काय झाले ते सांगता येत नाही ती मुलगी गुन्हेगाराला सुरक्षित वाटते, हे त्या प्रकरणाचे भीषण तात्पर्य होते. आनंदी आणि दुःखी चेहऱ्यांच्या तक्त्यात अशा प्रसंगाचा शब्द नाही. तो शब्द मराठीत आहे. ‘नकोसे वाटते’, ‘अवघडल्यासारखे होते’, आणि सर्वांत साधा म्हणजे ‘कसेतरी होते’. ‘कसेतरी’ हा शब्द आम्ही वर्गात निबंधाच्या वहीतून खोडत आलो, कारण तो मोघम आहे. पण ज्याला भीती, लाज, किळस, वेदना यांतले वेगळे काही सांगता येत नाही त्याला या मोघम शब्दाने सगळे एकदम सांगता येते, आणि ऐकणाऱ्याला थांबून पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा या बाबतीत बारकाईने लिहिलेला आहे. कलम २६ आणि कलम ३८ यांनुसार, मुलाला अक्षमता असेल तर त्याच्या संवादाची रीत जाणणाऱ्या व्यक्तीची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेता येते. मुलाची भाषा वेगळी असेल तर दुभाष्याची. आणि जबाब मूल जसे बोलले तसाच नोंदवायचा असतो. म्हणजे सोलापुरातल्या एखाद्या चौकीत किंवा न्यायालयात मुलाने ‘नाकु भयं’ म्हटले, तर आधी तेच लिहायचे आणि मग त्याचे मराठी. आणि ‘कसेतरी झाले’ म्हटले तर कागदावर ‘अस्वस्थ वाटले’ असे शुद्ध करून न घेता ‘कसेतरी झाले’ असेच राहू द्यायचे.